सेव्हन पॉइंट झिरो

नागपूरच्या महालातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात शिरलात तर तुमची पहिली गाठ त्याच्याशी पडणार नाही. दर्शनी भागात नवं मशीन असतं. चपटा काळा पडदा, शेजारी लग्नपत्रिकांचे नमुने, काचेखाली व्हिजिटिंग कार्डांचे दर. तो आत असतो. प्लायवूडच्या पार्टिशनमागे, कागदाची रिमं आणि कूलर यांच्या मधोमध, पिवळट पडलेल्या कॅबिनेटमध्ये. कॅबिनेटवर खंडेनवमीच्या हळदीकुंकवाची बोटं एकावर एक बसलेली. खालची कुठल्या वर्षाची, ते आता कुणी सांगू शकत नाही. त्याचं पूर्ण नाव अॅडोबी पेजमेकर ७.०. पण पूर्ण नावानं त्याला बँकेतही कुणी हाक मारली नसती. ‘सेव्हनवर घे’, ‘सेव्हनमध्ये पाय बरं’, ‘सेव्हन चालू आहे का आज?’ एवढीच त्याची ओळख.

या, भेटवतो. फक्त त्याच्यापुढे अपडेटचा विषय काढू नका.

त्याला घराण्याचा फार अभिमान, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. वर्तमानपत्राच्या धंद्यातून आलेल्या पॉल ब्रेनर्ड यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये चार सोबत्यांना घेऊन एक कंपनी काढली आणि तिला नाव दिलं आल्डस. पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये ग्रंथ छापणाऱ्या आल्डस मानुशियसचं ते नाव. १९८५ मध्ये पेजमेकर बाजारात आला, आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे शब्द रूढ केले तेही ब्रेनर्ड यांनीच. म्हणजे आपल्या गल्लोगल्लीच्या पाट्यांवर झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या मधे जी ‘डीटीपी’ ही तीन अक्षरं रंगवलेली असतात, ती सेव्हनच्या घरची. १९९४ मध्ये अॅडोबीनं आल्डस विकत घेतली. सेव्हन जन्मला २००१ साली, या नव्या आडनावात.

जन्मला तेव्हाच त्याचा वारस घरात होता, ही त्यातली गंमत. त्याची गादी चालवायला आणलेला इनडिझाइन १९९९ मध्येच हजर झाला होता. वारस आधी, गादीवरचा नंतर. २००४ च्या सुरुवातीला कंपनीनं जाहीरच करून टाकलं, की पेजमेकरची नवी मोठी आवृत्ती आता निघणार नाही. कागदोपत्री सेव्हन तेव्हापासून निवृत्त. महालात ही बातमी पोचली नसेल असं नाही. पण त्या दिवशी त्याच्यावर कुणाच्या तरी एकसष्टीची स्मरणिका चढलेली असणार, त्यामुळे त्याला कुणी सांगितलं नाही.

तरी एकदा त्याला घरी बसवलं होतंच.

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी नवं मशीन घेतलं. नवं विंडोज, नवा इनडिझाइन, तोही महिन्याच्या वर्गणीचा. सेव्हनच्या मॉनिटरवर जुन्या चादरीचा तुकडा पडला. दुकानात इतकी वर्षं सेव्हन चालवणाऱ्या ताईंना समोरच्या खुर्चीवर बसवलं, एसीच्या झोताखाली. दोन महिने सगळं ठीक चाललं. व्हिजिटिंग कार्डं, बारशाच्या पत्रिका, शाळेची ओळखपत्रं. नव्यानं केलेलं काम नवा नीटच करतो.

मग दसरा जवळ आला. नागपुरात दसऱ्याआधीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे छपाईचा हंगाम. दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि गावाकडून आलेला माणूस परतीच्या पिशवीत मुलांच्या खाऊबरोबर चार पुस्तकं घालतो. छोट्या प्रकाशकांच्या चाळीस-पन्नास पानी पुस्तिका दरवर्षी नव्यानं छापल्या जातात. असाच एक प्रकाशक आला. म्हणाला, ‘भाऊ, तेच. काही बदल नाही. फक्त मागं दहाची किंमत आहे, तिथं वीस करा.’

नव्यानं ती फाइल पाहिली आणि ओळख दाखवली नाही. त्याच्या घराण्यात सीएस६ पर्यंतची मंडळी पेजमेकरची फाइल उघडून घेत असत. वर्गणीवाली पिढी आली आणि तिनं ती ओळख मोडीत काढली. मग कुणाकडे तरी सीएस६ असलेलं मशीन आहे असं कळलं. पेनड्राइव्ह घेऊन पोरगा बर्डीला पळाला. फाइल उघडली. अक्षरं मराठीच दिसत होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग ताईंनी पान पुढं केलं.

ओळी हलल्या होत्या. सेव्हन एकेका ओळीपुरता विचार करतो: ही भरली, आता पुढची. नवा अख्खा परिच्छेद एका नजरेत घेतो आणि मागच्यापुढच्याचा हिशेब करून ओळी तोडतो. दिसायला नव्याचंच काम देखणं, हे ताईंनीही कबूल केलं. पण बाविसाव्या पानावर संपणारं प्रकरण आता तेविसाव्यावर दोन ओळी टाकून बसलं होतं. अनुक्रमणिका खोटी पडली. शेवटी अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका एकोणपन्नास पानांची झाली, आणि मधोमध पिन मारायच्या पुस्तिकेला एकोणपन्नासावं पान म्हणजे प्रत्यक्षात चार पानं, हे बाइंडरला विचारा. एक आकडा बदलायचा होता, त्यासाठी सगळं पुस्तक पुन्हा लावायची वेळ आली.

‘काहून, होऊन नाही राहिलं का?’ प्रकाशकानं विचारलं.

‘होऊन राहिलं ना. थोडा टाइम लागते,’ भाऊ म्हणाले, आणि दिवेलागणीला स्वतः पार्टिशनमागं जाऊन त्यांनी चादरीचा तुकडा ओढला.

सेव्हन सुरू झाला. लॉगिन मागितलं नाही. ‘नवीन काय आहे ते पाहा’ अशी पाटी दाखवली नाही. टूलबॉक्स पडद्याच्या ज्या कोपऱ्यात ताईंनी शेवटचा सोडला होता त्याच कोपऱ्यात. दहाची वीस झाली, बटर निघालं, चहा यायच्या आत काम प्रकाशकाच्या हातात. (बटर म्हणजे खायचं नव्हे. ज्या अर्धपारदर्शक कागदावर लेझरची प्रिंट काढून छापखान्यात प्लेट करायला देतात, त्या कागदाला इकडे बटर म्हणतात.) एखाद्यानं या वेळी दोन टोमणे तरी मारले असते. सेव्हननं नाही मारले. तो नेहमीसारखा वागला, आणि भाऊंना तेच जास्त लागलं असावं. दुसऱ्या दिवशी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळलेलं होतं.

स्वभावानं मात्र तो कडक. चूक माफ, पण एकच. कंट्रोल-झेड दाबलंत तर शेवटची एक कृती तो मागं घेईल; त्याच्या आधीची तुमची तुम्ही निस्तरा. नव्याकडे चुकांचं उदार खातं आहे. वीस पावलं चुका, वीस पावलं मागं या, तो हूं की चूं करणार नाही. त्यामुळे नव्यावर शिकलेली पोरं सेव्हनवर बसली की अर्ध्या तासात घामाघूम होतात. ज्याला स्वतःला एका पावलापलीकडे मागं जाता येत नाही, त्याच्याकडेच अख्खं दुकान मागं फिरून आलं, याचं कुणाला हसू आलं नाही. दसरा तोंडावर होता.

पण त्या कडकपणाच्या आत एक हळवी सवय आहे, आणि ती फक्त जुन्यांना ठाऊक. पान पालटलं, नवं पान घातलं, की सेव्हन कुणाला न सांगता आपल्यापुरती एक नोंद करून ठेवतो. शिफ्ट दाबून ‘रिव्हर्ट’ म्हटलं की त्या नोंदीपर्यंत परत आणून सोडतो. ताईंनी ही खूण पोरांना बरेच दिवस सांगितली नव्हती. ‘आधी रडू दे थोडं,’ असं त्यांचं म्हणणं.

दुसरी सवय साठवण्याची. पानाच्या भोवती जी मोकळी जागा असते, पेस्टबोर्ड, ती त्याच्या घरात सगळ्या पानांना मिळून एकच. पहिल्या पानाशेजारी ठेवलेली वस्तू चाळिसाव्या पानाशेजारीही दिसते. नव्याकडे प्रत्येक जोडपानाची वेगळी चूल. त्यामुळे सेव्हनचा पेस्टबोर्ड म्हणजे जुन्या घरातला कोनाडा झालेला. तिथं गणपती आहे, ‘शुभविवाह’ आहे, कुण्या नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो आहे, ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ची तयार ओळ आहे, तीन वर्षांपूर्वी रद्द झालेल्या संमेलनाचं बोधचिन्ह आहे. टाकून देण्याचा प्रश्नच नाही. आणि वेळेला यातलं काहीतरी लागतंच, हे आणखी वाईट.

आता त्याचं खरं गुपित सांगतो. इतकी वर्षं मराठी छापणाऱ्या या गृहस्थाला मराठीचं एक अक्षर येत नाही.

खोटं वाटेल, पण तसंच आहे. त्याच्या काळी संगणकाला देवनागरी शिकवण्याची रीत वेगळी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव, या सगळ्यांनी एक युक्ती केली: आत इंग्रजी अक्षरंच ठेवायची, वरून फॉन्ट देवनागरीचा चढवायचा. कृतिदेवमध्ये तुम्हाला ‘मराठी’ दिसतं तेव्हा सेव्हनच्या डोक्यात असतं ‘ई जे के बी एच’, त्यातला बी तेवढा कॅपिटल. तो या पाच अक्षरांकडे पाहतो, अर्थ लागत नाही, आणि मुकाट्यानं छापतो.

हा अडाणीपणाच त्याचा सद्गुण ठरला. शिकलेले लोक लुडबुड करतात. हाच मजकूर वर्डमध्ये टाइप केलात, आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची त्याची खोड सुरू असली, तर तो पाच अक्षरांकडे पाहून म्हणतो, वाक्य छोट्या ई नं कसं सुरू होतं? आणि दुरुस्त करतो. कृतिदेवमध्ये छोटा ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म. ‘मराठी’ची ‘म्राठी’ होते. ‘मुलांनो’चं ‘म्ुलांनो’ होतं. परिच्छेदागणिक पहिलं अक्षर लंगडं. सेव्हननं असली सुधारणा कधी केली नाही. त्याला ती सुचतच नाही.

नव्या पिढीला मराठी येतं म्हणतात, पण तेही उशिराच आलं. युनिकोडची देवनागरी इनडिझाइनमध्ये कितीतरी वर्षं नीट उभी राहत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त बाहेर यायचे. सीएस६ मध्ये त्यासाठीची सोय आत होती, पण लपवलेली. ती आडवाटेनं चालू करून घ्यावी लागे. तोवर महाराष्ट्रभरच्या ताई सेव्हनवर पुस्तकंच्या पुस्तकं लावून मोकळ्या झाल्या होत्या.

पण मी त्याचा वकील नाही, आणि त्याच्या अडाणीपणाचं बिल दुसऱ्याच कुणीतरी भरतं. सेव्हनमधून निघालेल्या पीडीएफमध्ये एखादं नाव शोधून पाहा. सापडणार नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा; इंग्रजी अक्षरांचा कचरा बाहेर पडेल. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतून एक उल्लेख हवा असेल तर त्यानं पहिल्या पानापासून वाचत जावं. इतकं मराठी छापून या गृहस्थानं त्यातलं कुणालाही शोधता येईल असं फारसं काही मागं ठेवलं नाही. आणि हे तो उद्धटपणानं करत नाही, हीच पंचाईत आहे. रागावणार कुणावर?

शिवाय तो एकटा मागं जात नाही, सगळ्यांना मागं ओढतो. मजकूर आता व्हॉट्सअॅपवर येतो, म्हणजे युनिकोडमध्ये. तो सेव्हनमध्ये चिकटवला की समोर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. अध्यक्षांचं मनोगत: प्रश्नचिन्हं. सचिवांचा अहवाल: प्रश्नचिन्हं. (अहवालाच्या बाबतीत हे कधी कधी बरोबरच असतं.) मग ताई कन्व्हर्टरमधून मजकूर फिरवून जुन्या फॉन्टमध्ये आणतात. तिथं रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, एखादं जोडाक्षर फुटतं, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच काही उगवतं. प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. लिहिणारा म्हणतो, ‘मी तर बरोबर पाठवलं होतं.’ तोही खरंच बोलत असतो.

सेव्हनचे भाऊबंद जगभर आहेत आणि त्यांना परत बोलावण्याच्या रीती नव्यांनी बऱ्याच सभ्य करून ठेवल्या आहेत. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, वर्षभर फुकट. आवडलं नाही तर मागं जायला आधी एक महिना मिळायचा. पुढच्याच वर्षी तो दहा दिवसांवर आणला. तेवढे दिवस जुनं विंडोज एका फोल्डरात दम धरून बसलेलं असतं, मुदत संपली की परस्पर साफ. आणि जायचं म्हटलं की नवं दारात आडवं येतं. का जाताय? आधीचं वापरायला सोपं वाटत होतं का? जलद होतं का? थांबा, एक अपडेट आलंय का पाहू, कदाचित त्यानं भागेल. जुना पासवर्ड आठवतोय ना? आणि शेवटी, वापरून पाहिल्याबद्दल आभार. इतक्या गोड निरोपानंतर माणसाला जाताना अपराधी वाटावं, असाच बेत दिसतो.

कधी मात्र निरोपाला वेळच नसतो. ९ मार्च २०२१ ला विंडोज १० चा महिन्याचा अपडेट आला, आणि काही ठरावीक बनावटीच्या प्रिंटरला ‘छाप’ म्हणताच मशीनं निळा पडदा टाकून बसू लागली. छापखान्याच्या धंद्यात यापेक्षा नेमकी खोड कुणी काढू शकलं नसतं. जाणकारांनी तो अपडेट खरवडून काढला आणि मशीनं मागच्या स्थितीत नेली. १५ मार्चला दुरुस्ती आली. नागपुरात त्याच दिवसापासून आठवड्याचं कडक लॉकडाउन लागलं होतं. दुकानं बंद, छापायला काहीच नाही. दुरुस्ती अगदी वेळेवर आली म्हणायची.

सेव्हनला यातलं काही लागलं नाही, कारण त्याच्या मशीनला नेटची वायरच नाही. भाऊंनी फार पूर्वी ती काढली. त्याच्या खाली आहे विंडोज एक्सपी, ज्याची काळजी घेणं कंपनीनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध एका पेनड्राइव्हपुरता, आणि तोही आधी नव्या मशीनवर तपासून मगच आत जातो. सोवळ्यातला म्हणा हवं तर. शत्रू एकच, मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि नवतपा सुरू झाला की कॅबिनेटचं एक झाकण काढून ठेवतात, कूलरमध्ये नवा वाळा भरतात, आणि दुपारी दोन ते चार त्याला सुट्टी. ही सुट्टी ताईंना नाही.

‘मागं जाणं’ या प्रकाराबद्दल सेव्हनकडून शिकण्यासारखं एक आहे, आणि ते भाऊंना त्या दसऱ्यानं शिकवलं. प्रोग्रॅम मागं जातो. फाइल जात नाही. सेव्हनची फाइल सीएस६ च्या वाटेनं नव्यात गेली तर जाते, पण नव्यात साठवलेली परत सेव्हनमध्ये येत नाही. दरवाजा एकाच बाजूनं उघडतो. नव्याच्या घरातही तेच: पुढच्या आवृत्तीत केलेलं काम मागच्या आवृत्तीत थेट उघडत नाही, मधल्या एका फॉरमॅटमधून काढून न्यावं लागतं. म्हणजे तुम्ही दोन महिने नव्यावर काम केलंत आणि मग जुन्याकडे परतलात, तर तुम्ही परतता. दोन महिन्यांचं काम तिकडेच राहतं. दुकानात आता कडक नियम आहे. जुनी फाइल नव्यात उघडायची तर आधी तिची नक्कल, आणि नव्या नावानं. मूळ फाइलला हात लावणाऱ्याचा चहा बंद.

सेव्हनच्या पिढीत याबाबत थोडी माणुसकी होती. तो आपली फाइल साठवताना विचारायचा, मागच्या ६.५ वाल्यासाठी एक प्रत करून ठेवू का? धाकट्या गावात अजून ६.५ च असेल, ही जाण त्याला होती. कोरलड्रॉनं ही रीत अजून सोडलेली नाही. फाइल साठवताना कोरलच्या कुठल्या आवृत्तीसाठी साठवायची ते निवडता येतं, आणि या एका सोयीवर आपला सगळा फ्लेक्सचा धंदा उभा आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मुंबई-पुण्याचे डिझायनर रात्री अकराला नव्याकोऱ्या कोरलमधली फाइल पाठवतात, सकाळी मोर्चा. इकडे फ्लेक्सच्या मशीनला जोडलेला संगणक आपल्या जुन्या कोरलवर सुखी. मग फोन जातो: ‘राजा, उघडून नाही राहिली. व्हर्जन डाऊन करून पाठवजो. अन् टेक्स्ट कर्व्ह कर.’ समोरचा कितीही मोठ्या एजन्सीचा असो, व्हर्जन डाऊन करतो. मोर्चा थांबत नसतो.

जुन्या घराण्यातल्या सगळ्यांचंच इतकं बरं चाललेलं नाही. नव्वदच्या दशकातले टाइप १ जातीचे फॉन्ट अॅडोबीनं जानेवारी २०२३ पासून इनडिझाइनमधून हद्दपार केले. ज्यांची पुस्तकं त्या फॉन्टांत लावलेली, त्यांनी आदल्या आवृत्तीचा आसरा घेतला. पण तोही कायमचा नाही: २०१९ पासून वर्गणीदारांना चालू आणि तिच्या आधीची, एवढ्या दोनच पिढ्या उतरवून घेता येतात. म्हणजे जुन्याकडे जायची परवानगी आहे, फक्त जुनं किती जुनं ते घरमालक ठरवणार. सेव्हन इथं मिशीत हसतो. तो सीडीवरून आलेला आहे. सीडी भाऊंच्या गल्ल्यात, दाताच्या डॉक्टरच्या पावतीखाली.

एक सोबती मात्र त्याला नाचवतो. लॉक. मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर आलेला, कॅबिनेटच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला लावलेला अंगठ्याएवढा तुकडा. तो असेल तर श्रीलिपी जागी, नसेल तर सेव्हन मराठीपुरता मुका. दुकानात सोन्याची अंगठी हरवली तर शोधाशोध होईल. लॉक हरवला तर शटर खाली येईल.

आणि आता पेच त्याचाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही मुदत संपली, समोरचं मशीन बदलायला आलं. भाऊंच्या भाच्यानं, जो पॉलिटेक्निकला आहे, उपाय सांगितला: नव्या संगणकाच्या पोटातच एक खोटा संगणक तयार करायचा, त्यात एक्सपी घालायचं आणि एक्सपीत सेव्हन. पार्टिशन काढून टाकता येईल, जागा मोकळी होईल, तिथं कलर प्रिंटर बसेल. भाऊंना पटलं. त्यांनी मोकळ्या होणाऱ्या जागेचं माप टेपनं घेतलंसुद्धा.

‘सगळं बरोबर आहे,’ ताई म्हणाल्या, ‘पण लॉक कुठं लावता?’

भाच्यानं नव्या मशीनची मागची बाजू वाकून पाहिली. यूएसबी होते, एचडीएमआय होतं, नेटचं भोक होतं. प्रिंटरचं ते रुंद, दोन ओळी भोकांचं पोर्ट नव्हतं. तो म्हणाला, पाहतो, एखादं कन्व्हर्टर मिळते का.

‘मिळेस्तोवर असू दे मग तिकडेच,’ भाऊ म्हणाले, आणि टेप खिशात घातला. तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला. कुणीतरी मागच्या वर्षीची पत्रिका घेऊन आलं होतं, मजकूर तोच ठेवायचा होता, नवरदेव तेवढा बदलायचा होता.